टुडुइस्टमध्ये जीटीडी बसवताना: आधी काय, मग काय आणि कुठे चुकतं

जीटीडी, म्हणजे डेव्हिड ॲलन यांची 'गेटिंग थिंग्ज डन' ही कामं हाताळायची पद्धत, टुडुइस्ट या कामांच्या यादीच्या ॲपमध्ये बसवून द्यायला मी आजवर बऱ्याच ओळखीच्या लोकांना मदत केली आहे. अडतं ते जवळजवळ सगळ्यांचं एकाच जागी. पहिल्या दिवशी उत्साहाने वीस प्रोजेक्ट, रंगीत लेबलं, प्रत्येक कामाला तारीख. तिसऱ्या आठवड्यात 'टुडे'मध्ये, म्हणजे आजच्या यादीत, मुदत उलटलेली ३५ कामं लाल अक्षरांत. मग ते ॲप उघडायचीच धास्ती वाटते, आणि कामं परत डोक्यात.

माझंही हेच झालं होतं. गाडीच्या विम्याची शेवटची तारीख मी नीट टाकली होती, पण त्या दिवशी यादीत आणखी २३ कामं होती आणि त्यातल्या २० जणांना ती तारीख मी उगाचच दिलेली. नजर सरावली होती, विमा निसटला. चूक तारीख न टाकण्याची नव्हती. खऱ्या तारखा खोट्या तारखांच्या गर्दीत हरवल्या, ही होती. म्हणून खाली क्रमावर इतका भर आहे. तो मोडू नका.

ॲप उघडण्याआधीची तयारी

सलग दोन तास मोकळे काढा. रविवारची सकाळ बरी. हे काम तुकड्यातुकड्यांनी होत नाही, कारण अर्धवट रिकामं केलेलं डोकं उरलेलं अर्धं धरून बसतं.

समोर आणून ठेवा: वही किंवा डायरी, फ्रिजवरच्या चिठ्ठ्या, बिलांचा आणि कागदपत्रांचा ड्रॉवर, ऑफिसच्या बॅगेतले कागद. फोनमध्ये तीन जागा बघायच्या: व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले किंवा स्टार केलेले मेसेज, 'नंतर लागेल' म्हणून काढलेले स्क्रीनशॉट, आणि न उत्तरलेल्या मेल. बहुतेकांची निम्मी कामं स्क्रीनशॉटमध्ये सापडतात.

टुडुइस्टचं मोफत खातं पुरतं. त्यात ५ प्रोजेक्ट आणि ३ फिल्टर (ठरवलेल्या अटीत बसणारी कामं गाळून दाखवणाऱ्या याद्या) मिळतात. खालची मांडणी तेवढ्यात बसवली आहे, तेव्हा सुरुवातीलाच पैसे भरू नका.

जुनं खातं असेल तर? आतली कामं आहेत तिथे राहू द्या. तूर्त फक्त 'टुडे'मधली मुदत उलटलेली सगळी कामं एकदम निवडून त्यांच्या तारखा काढून टाका. आज खरोखर चुकवून चालणार नाहीत अशी दोन-तीन वगळून.

टप्पा १: सगळं इनबॉक्समध्ये ओता

आता फक्त लिहायचं. प्रोजेक्ट नाही, लेबल नाही, तारीख नाही. मनात येईल ते एका ओळीत, थेट ॲपच्या इनबॉक्समध्ये (कुठल्याच प्रोजेक्टमध्ये न टाकलेली कामं जिथे पडतात ती यादी). 'आईचा चष्मा', 'सोसायटीची पावती', 'वारसनोंद', 'ताईला फोन', 'बाथरूमचा नळ'. अर्धवट शब्द चालतील, या टप्प्यावर व्याकरणाची गरज नाही.

सुचायचं थांबलं की घरातल्या खोल्या मनात फिरून या: स्वयंपाकघरात काय बिघडलंय, गॅलरीत काय पडलंय. मग माणसं आठवा: आईवडील, मुलं, साहेब, शेजारी, गावाकडचे. कोणाला काय कबूल केलंय? या दुसऱ्या फेरीत जे निघतं तेच खरं डोक्यावर बसलेलं असतं.

पहिल्या खेपेला साठ ते शंभर ओळी झाल्या तर घाबरू नका. त्या आधीही होत्याच, फक्त दिसत नव्हत्या.

*सावध:* लिहिता लिहिता एखादं काम उरकायला उठू नका. दोन मिनिटांत होणारी कामं लगेच करायची हा नियम आहे, पण तो पुढच्या छाननीसाठी. आत्ता उठलात की ओघ तुटतो.

*आणखी एक सावधगिरी, खास आपल्यासाठी:* टुडुइस्टला तारखा इंग्रजीतल्या कळतात, मराठीतल्या नाही. 'उद्या बिल भरणे' लिहिलंत तर 'उद्या' हा नुसता शब्द राहतो, कामाला तारीख लागत नाही. उलट, मराठी रोमन अक्षरांत टाइप करत असाल तर 'सून' लिहिताच ॲप त्याचा रविवार समजतं आणि 'सात' लिहिताच शनिवार, कारण इंग्रजी वारांची लघुरूपं नेमकी तशीच लिहितात. शब्दाला रंग चढलेला दिसला की त्यावर एकदा टॅप करा, तारीख सुटते. यावर सरळ उपाय म्हणजे कामाचं नाव देवनागरीत लिहायचं आणि तारीख इंग्रजीत.

*पडताळणी:* पाच मिनिटं डोळे मिटून बसा. नवीन काही वर आलं नाही तर पुढे चला.

टप्पा २: पाच कप्पे, त्याहून जास्त नाही

जीटीडीत एकापेक्षा जास्त पावलं लागणाऱ्या प्रत्येक गोष्टीला 'प्रोजेक्ट' म्हणतात. टुडुइस्टमध्येही 'प्रोजेक्ट' आहे. नावं सारखी असल्याने लोक प्रत्येक गोष्टीसाठी नवा प्रोजेक्ट काढतात आणि पाचाची मर्यादा पहिल्या तासातच संपवतात. म्हणून आपण असं धरू: ॲपमधला प्रोजेक्ट म्हणजे कपाटाचा कप्पा, आणि आपलं अनेक पावलांचं काम म्हणजे 'प्रकरण'. प्रत्येक प्रकरण कप्प्याच्या आत एक सेक्शन.

कप्पे असे करा:

1. सुटी कामं (एकाच पावलात संपणारी)
2. घरची प्रकरणं
3. ऑफिसची प्रकरणं
4. कधीतरी
5. माहिती (मापं, मीटर नंबर, पाण्याच्या फिल्टरचा मॉडेल नंबर अशी नोंद, काम नाही)

लेबलं सुरुवातीला पाचच: फोन, लॅपटॉप, घरी, बाहेर, वाट. पहिली चार सांगतात की हे काम कुठे किंवा कशाने होतं. पाचवं सांगतं की चेंडू दुसऱ्याच्या हातात आहे. 'महत्त्वाचं', 'तातडीचं', 'कंटाळवाणं' अशी लेबलं काढू नका. ती मनःस्थिती सांगतात आणि मनःस्थिती दुपारपर्यंत बदलते.

टप्पा ३: एकेक ओळ उलगडा

पद्धतीचा गाभा हाच आहे आणि लोक सगळ्यात जास्त टाळतात तेही हेच. इनबॉक्समधली वरची ओळ घ्या आणि खालून-वरून न फिरता क्रमाने प्रत्येकीला विचारा:

याचं काही करायचं आहे का? नसेल तर पुसा, नाहीतर 'कधीतरी'त किंवा 'माहिती'त टाका.

करायचं असेल तर *अगदी पुढचं* पाऊल कोणतं? हाताने, पायाने किंवा तोंडाने करता येईल असं.

ते दोन मिनिटांत होतं का? मग आत्ता करा. दुसऱ्याने करायचं असेल तर त्याला निरोप द्या आणि 'वाट' लेबल लावा. बाकीचं त्याच्या कप्प्यात.

मराठीत या टप्प्याचा एक मोठा शत्रू आहे: 'बघणे'. 'शाळेचं बघायचंय', 'लाइट बिलाचं बघू', 'वारसनोंदीचं बघणे'. आपण बोलताना हा शब्द इतक्या सहज वापरतो की यादीत उतरल्यावर त्यात काहीच नाही हे लक्षात येत नाही. 'बघणे' लिहिलेलं काम महिनोन्‌महिने तसंच राहतं, कारण ते समोर आलं की प्रत्येक वेळी नव्याने विचार करावा लागतो आणि यादी वाचताना विचार करायची कोणाची तयारी नसते. तेच 'करणे', 'मार्गी लावणे', 'फॉलोअप' या शब्दांचं.

माझ्या यादीतला एक बदल दाखवते. आधी होतं: 'आईच्या चष्म्याचं बघणे'. पाच आठवडे पडून. छाननीत विचारलं, अडलंय कुठे? नंबरचा कागद सापडत नव्हता. म्हणजे पुढचं पाऊल चष्म्याच्या दुकानात नव्हतंच, ते होतं: 'शोध: देवघराच्या ड्रॉवरमध्ये आईचा नंबरचा कागद', लेबल 'घरी'. कागद त्याच संध्याकाळी सापडला, चष्मा शनिवारी झाला.

ओळ कशी लिहिली आहे ते पाहिलंत? क्रियापद पुढे आणलं. मराठीत ते वाक्याच्या शेवटी येतं, आणि फोनच्या विजेटवर लांब ओळीचा शेवटच कापला जातो. 'चष्मेवाल्याला काच आली का हे विचारायला फोन करणे' यातलं 'फोन करणे' दिसतच नाही. 'फोन: चष्मेवाला, काच आली का' हे दिसतं. बोलायला विचित्र, पण यादीसाठी योग्य.

*पडताळणी:* इनबॉक्स शून्य झाला पाहिजे. 'नंतर ठरवू' म्हणून चार ओळी मागे ठेवल्यात तर महिन्याभरात चाळीस होतात. आणि सर्चमध्ये 'बघणे' व 'बघायचं' शोधा. सापडलेली प्रत्येक ओळ पुन्हा लिहा.

टप्पा ४: प्रकरणं मांडणं

'वारसनोंद' घेऊ, कारण हे प्रकरण अनेक घरांत वर्षानुवर्षं लोंबकळतं. शेतजमिनीच्या ७/१२ वर मृत व्यक्तीऐवजी वारसांची नावं लावायची आहेत. 'घरची प्रकरणं' या कप्प्यात सेक्शन काढा आणि त्याला शेवट सांगणारं नाव द्या: '७/१२ वर आमची नावं लागली'. 'जमीन' किंवा 'गावचं काम' अशा नावाचं प्रकरण कधीच संपत नाही.

आत सुचतील तेवढी पावलं टाका:

- झेरॉक्स: मृत्यूचा दाखला, ३ प्रती
- डाउनलोड: चालू ७/१२ आणि ८-अ
- फोन: काकांना, सगळ्या वारसांची पूर्ण नावं आणि वयं
- करून घे: वारसांचं प्रतिज्ञापत्र
- दे: तलाठ्याकडे अर्ज (किंवा ऑनलाइन, ई-हक्क प्रणालीतून)
- फेरफार नोंद झाल्यावर नोटिशीचे १५ दिवस
- मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली का
- डाउनलोड: नवीन ७/१२, नावं तपासणे

आता महत्त्वाची गोष्ट. लेबल *फक्त आज उचलता येईल त्या* पावलांना लावायचं. इथे पहिल्या तिघांना: झेरॉक्सला 'बाहेर', डाउनलोडला 'लॅपटॉप', काकांना 'फोन'. बाकीची पाच बिनलेबलची राहतील. त्यामुळे 'फोन' लेबल उघडलं की आत्ता करता येतील असेच फोन दिसतात. अर्ज दिलाच नसताना 'मंडळ अधिकारी' डोळ्यांसमोर येत नाही. एक पाऊल संपलं की पुढच्याला लेबल लावायचं. ही सवय लागायला आठवडा जातो, पण यादी हलकी वाटण्याचं मुख्य कारण हीच.

कागदांचे फोटो त्या त्या कामाच्या कॉमेंटमध्ये जोडून ठेवा. अर्जाची पोच मिळाली की लगेच, कार्यालयाच्या पायरीवरच.

*नेहमीची चूक:* पावलं एकाखाली एक सब-टास्क करून घुसवणं. दोन पातळ्यांखालचं काम नजरेआड होतं. सेक्शनच्या आत सपाट यादी ठेवा.

टप्पा ५: तारखा, अगदी हात राखून

तारीख दोनच कारणांनी द्यायची. एक, ते काम त्याच दिवशी करायचं आहे किंवा त्या दिवसानंतर करून उपयोग नाही. दोन, त्या दिवसाआधी त्याकडे लक्ष द्यायचंच नाही. 'या आठवड्यात झालं तर बरं' ही तारीख नव्हे. अशा कामाला लेबल पुरे.

शेवटची मुदत आणि काम करायचा दिवस वेगळे असतात, हेही सांभाळा. विमा २० तारखेला संपत असेल तर कामाची तारीख १२ ठेवा आणि नावात लिहा: 'भर: गाडीचा विमा (२० ला संपतो)'. मुदतीच्या दिवशीच आठवण आली तर त्या दिवशी नेमकं सर्व्हर बंद किंवा तुम्ही प्रवासात.

परत परत येणाऱ्या कामांत एक बारकावा आहे, तो माहीत नसल्याने लोक हैराण होतात. तारखेच्या जागी 'एव्हरी' लिहून पुढे काळ लिहिलात (हे इंग्रजी अक्षरांत लिहायचं), तर पुढची तारीख ठरलेल्या वेळापत्रकाने येते, तुम्ही काम कधी केलंत याच्याशी तिचा संबंध नसतो. 'एव्हरी'ला उद्‌गारचिन्ह जोडलंत तर मोजणी काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून सुरू होते. मेंटेनन्स दर महिन्याच्या ५ तारखेला, तेव्हा साधं 'एव्हरी'. पाण्याच्या फिल्टरची कँडल तीन महिन्यांनी बदलायची आणि या वेळी तीन आठवडे उशीर झाला, तर पुढची मोजणी बदलल्या दिवसापासूनच हवी, तेव्हा उद्‌गारचिन्हासह.

*पडताळणी:* असं काम एखाद्या दिवसाने पुढे ढकललंत की तारखेशेजारचं गोल बाणाचं चिन्ह अजून आहे ना ते पाहा. नवी तारीख हाताने लिहिताना आवर्तन पुसलं जाऊ शकतं, आणि ते कळतं थेट पुढच्या महिन्यात, बिल चुकल्यावर.

दुसरी तपासणी सोपी आहे. उद्याचा दिवस उघडा. पाच-सहापेक्षा जास्त कामं असतील तर प्रत्येकाला विचारा: उद्या नाही झालं तर कोणाचं काय अडेल? कोणाचंच काही नसेल तर तारीख काढा.

टप्पा ६: 'वाट' नीट लिहा

'वाट' लेबलच्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: कोणाकडून, काय, कधीपासून. 'वाट: प्लंबर, नळाचा वॉशर, ४ जूनला सांगितलं'. तारीख नावातच लिहा. चौकशीचा फोन करताना 'मागे एकदा बोललो होतो' म्हणण्यापेक्षा '४ तारखेला सांगितलं होतं' म्हटलं की समोरच्याचंही उत्तर नेमकं येतं.

जिथे ठरावीक अवधी आहे तिथे अवधी संपायच्या दुसऱ्या दिवसाची तारीख लावा. फेरफाराच्या नोटिशीचे १५ दिवस संपले की सोळाव्या दिवशी ते काम आपोआप 'टुडे'त यावं. बाकीच्यांना तारीख नको, ती आठवड्याच्या आढाव्यात दिसतीलच.

टप्पा ७: रोजचा वापर

सकाळी 'टुडे' पाहा. ती कामं ठरलेली. मधे वेळ मिळाला की जिथे असाल तिथलं लेबल उघडा: रिक्षात बसलात तर 'फोन', बाजारात निघालात तर 'बाहेर'. नवीन काही सुचलं की इनबॉक्समध्ये. रात्री पाच मिनिटांत इनबॉक्स रिकामा.

फोनच्या मुख्य स्क्रीनवर टुडुइस्टचं विजेट ठेवा. नोंद करायला चार टॅप लागले तर नोंद होत नाही.

प्राधान्याचे रंग? मी फक्त लाल वापरते, तेही दिवसाला दोन कामांपुरता.

टप्पा ८: आठवड्याचा आढावा

हा चुकला की बाकी सगळं महिन्याभरात ढासळतं. शुक्रवारी दुपारी किंवा रविवारी, पाऊण तास. तोच एक ठरलेला वार, आणि हे कामही टुडुइस्टमध्ये दर आठवड्याला येणारं म्हणून टाका. क्रम असा:

1. कागद, स्क्रीनशॉट, मेसेज यांतलं राहिलेलं इनबॉक्समध्ये, आणि इनबॉक्स शून्य.
2. मागच्या आणि पुढच्या दोन आठवड्यांचं कॅलेंडर. लग्न असेल तर आहेर, प्रवास असेल तर तिकीट.
3. प्रत्येक प्रकरण उघडून पाहा: निदान एका पावलाला लेबल आहे का? नसेल तर ते प्रकरण अडकलं आहे. हे काम फिल्टर करू शकत नाही, डोळ्यांनीच करावं लागतं.
4. 'वाट' वाचून कोणाला आठवण करायची ते ठरवा.
5. जुनी कामं. यासाठी एक फिल्टर करून ठेवा: इंग्रजीत 'क्रिएटेड बिफोर', अपूर्णविराम, मग उणे ३० आणि 'डेज'. महिन्याहून जुनं जे दिसेल, त्याला नवीन पुढचं पाऊल द्या, 'कधीतरी'त पाठवा, नाहीतर पुसा.
6. 'कधीतरी' वरवर चाळा. एखादं काम आता करावंसं वाटलं तर बाहेर काढा.

तिसरी पायरी घाईत उरकू नका. वारसनोंदीसारखी प्रकरणं इथेच तरतात किंवा बुडतात. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात प्रतिज्ञापत्र तयार होऊन आठ महिने कपाटात होतं, कारण 'आता अर्ज द्यायचा' हे पाऊल कोणीच कुठे लिहिलं नव्हतं.

*सावध:* आढाव्यात कामं करायला बसू नका. दोन मिनिटांची तेवढी उरका.

तीन आठवडे आढावा चुकला तर

आजारपण येतं, परीक्षा येतात, गणपती येतात. अशा वेळी लोक नवं ॲप शोधतात किंवा सगळं पुसून पहिल्यापासून मांडतात. दोन्ही नको.

मुदत उलटलेल्या कामांपैकी ज्यांची तारीख खरी होती ती आधी हाताळा: हप्ता, बिल, सरकारी मुदत. दंड लागला असेल तर तो भरायचं काम लिहा. बाकी सगळ्यांच्या तारखा काढा. मग इनबॉक्स, टप्पा ३ प्रमाणे, वरून खाली. प्रकरणांपैकी फक्त तीन निवडा, त्यांच्या पुढच्या पावलांना लेबल लावा आणि उरलेल्या सेक्शनमधली लेबलं काढून ठेवा. पुढच्या रविवारी आणखी तीन.